परवाना आणि पराक्रम : भारतीय संगणक-उद्योगाच्या आत्मकथनाची चिकित्सा

१

उद्योगपतींची चरित्रे व आत्मकथने हा वाङ्मयप्रकार मराठीला अपरिचित नाही. किर्लोस्करवाडीच्या उभारणीची कथा मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांनी आवडीने वाचली, आणि यंत्राविषयीचे कुतूहल व स्वावलंबनाचा अभिमान या दोन्ही भावनांचे पोषण त्या कथेने केले. गेल्या काही दशकांत या प्रकाराला एक नवी शाखा फुटली आहे. संगणक व सॉफ्टवेअर यांच्या व्यवसायातील धुरीणांची आत्मकथने, भाषणे, मुलाखती आणि त्यांवर आधारलेली चरित्रे ही ती शाखा होय. या लेखनाचा मोठा भाग इंग्रजीत आहे. तथापि अनुवाद, वृत्तपत्रांतील लेख आणि पदवीदान-समारंभांतील व्याख्याने यांच्या द्वारा ते मराठीतही रुजले असून, तंत्रज्ञानाचा उत्कर्ष कसा होतो याविषयीची सुशिक्षित मराठी समाजाची धारणा बऱ्याच अंशी याच लेखनाने घडविली आहे.

या कथनाचा साचा सर्वपरिचित आहे. भांडवल तुटपुंजे असते, ध्येय मोठे असते. शासनाचा परवाना, जबर आयात-शुल्क आणि दूरध्वनीसाठीची प्रतीक्षा यांनी वाट अडविलेली असते. नायक चिकाटीने एकेक अडथळा ओलांडतो. १९९१ साली देशाचे आर्थिक धोरण बदलते, बंधने गळून पडतात आणि उद्योगाची भरभराट होते. हा साचा खोटा आहे असे म्हणता येणार नाही. या साच्यात कोणत्या गोष्टी बसत नाहीत आणि ज्या बसत नाहीत त्या केवळ तपशिलाच्या आहेत की मूळ प्रतिपादनाला धक्का देणाऱ्या आहेत, हा खरा प्रश्न आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नियमनाचा वाद आज ज्या भाषेत चालतो, ती भाषा पुष्कळशी याच साच्यातून आलेली असल्यामुळे या प्रश्नाचे महत्त्व केवळ ऐतिहासिक राहिलेले नाही.

२

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट ठरेल. 'परवाना' हा शब्द फार्सीतून मराठीत आला. जुन्या कागदपत्रांत तो हुकूम, आज्ञापत्र या अर्थाने आढळतो. पुढे 'परवानगी'च्या सान्निध्याने त्याचा आजचा अर्थ दृढ झाला. हुकूम वरून खाली येतो. परवानगी खालून वर मागावी लागते. एकाच शब्दाने या दोन्ही दिशा अनुभवल्या आहेत. चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी शासकीय नियंत्रणावर टीका करताना 'लायसन्स-परमिट राज' हा प्रयोग रूढ केला, आणि मराठीत 'परवाना-राज' या रूपाने तो स्थिर झाला. तेव्हापासून परवाना या शब्दाला उद्योगाच्या संदर्भात अडवणुकीखेरीज अन्य अर्थच्छटा जवळजवळ उरलेली नाही.

'नियमन', 'नियंत्रण' आणि 'निर्बंध' हे तीन शब्दही वस्तुतः समानार्थी नाहीत. नियमनाने क्रियेला रीत लागते, नियंत्रणाने ती दुसऱ्याच्या हाती जाते, निर्बंधाने ती अडते. आत्मकथनांच्या भाषेत मात्र या तिन्हींची जागा बहुधा निर्बंधाने घेतलेली असते. 'नियम' आणि 'यंत्र' हे दोन्ही शब्द 'यम्' म्हणजे आवरणे, धरून ठेवणे या एकाच धातूशी जोडले जातात, याची येथे आठवण होते. व्युत्पत्तीवरून अर्थशास्त्राचा सिद्धान्त काढणे योग्य नव्हे. परंतु यंत्र व नियम यांना स्वभावतःच परस्परविरोधी मानण्याची सवय भाषेइतकी जुनी नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. भारतातील उद्योगांना परवाना लागू करणारा १९५१ चा कायदादेखील नावाने 'उद्योग (विकास व विनियमन) अधिनियम' असाच होता. त्या नावातील 'व' या उभयान्वयी अव्ययाने जे जोडले होते, ते नंतरच्या कथनाने 'विरुद्ध' या शब्दाने तोडले.

शब्दांहून अधिक महत्त्वाचा मुद्दा कर्तृत्वाच्या वाटपाचा आहे. मराठी व्याकरणात 'उजाडले', 'सांजावले' यांसारखी भावकर्तृक क्रियापदे प्रसिद्ध आहेत. त्यांत क्रिया घडते. तिचा स्वतंत्र कर्ता दाखविता येत नाही. संगणक-उद्योगाच्या आत्मकथनांतील प्रसंगांची मांडणी या दृष्टीने पाहिली असता एक व्यवस्था सातत्याने आढळते. उद्योग वाढतो तेव्हा कर्ता संस्थापक असतो. उद्योग अडतो तेव्हा कर्ता शासन असते. शासनाच्या एखाद्या कृतीने उद्योगाला साहाय्य होते, तेव्हा मात्र वाक्यातून कर्ताच नाहीसा होतो. संधी 'निर्माण होते', दारे 'उघडतात', काळ 'बदलतो'. १९९१ ची कथा अशा रीतीने 'उजाडले' या क्रियापदासारखी सांगितली जाते. ही व्यवस्था वस्तुस्थितीशी कितपत जुळते, हे काही प्रसंगांच्या आधारे तपासता येते.

३

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था १९६८ साली मुंबईत स्थापन झाली आणि १९६९ साली फकीरचंद कोहली तिच्यात दाखल झाले. तिच्या निर्यात-व्यवसायाचा आरंभ १९७४ च्या सुमारास बरोज या अमेरिकन कंपनीच्या कामापासून झाला. रुग्णालयाच्या हिशेबांसाठी लिहिलेली एक आज्ञावली बरोजच्या एका यंत्रमालिकेतून दुसऱ्या यंत्रमालिकेत आणावयाची होती. विशेष असे की, मुंबईतील अभियंत्यांच्या हाताशी बरोजचे यंत्र नव्हते. ब्रिटिश बनावटीच्या आय.सी.एल. १९०३ या संगणकावर त्यांनी रूपांतराचे साधन तयार करून ते काम पार पाडले. हा पराक्रमच होय, आणि त्याचे श्रेय त्या अभियंत्यांना निःसंशय दिले पाहिजे.

परंतु याच प्रसंगाची दुसरी बाजू आहे. १९७२ साली शासनाने सॉफ्टवेअर-निर्यातीसाठी एक योजना आखली. निर्यातीचे उत्पन्न आयात यंत्राच्या किमतीच्या दुप्पट करून दाखविण्याच्या अटीवर परदेशी संगणक आणण्यास तीत मुभा होती. परकीय चलनाचा तुटवडा हे त्या अटीमागचे कारण. अट जाचक होती यात शंका नाही. तथापि भारतीय सॉफ्टवेअर-व्यवसाय आरंभापासूनच देशांतर्गत बाजारपेठेकडे पाठ करून परदेशी ग्राहकाकडे का वळला, याचे एक प्रमुख कारण हीच अट होय. अडथळा म्हणून जी सांगितली जाते, त्याच अटीने उद्योगाच्या वाढीची दिशा ठरविली. उद्योगाचे जे वैशिष्ट्य पुढे संस्थापकांच्या दूरदृष्टीचे फळ म्हणून वर्णिले गेले, ते काही अंशी एका शासकीय कलमाचे फळ होते.

दुसरा प्रसंग आय.बी.एम.च्या प्रस्थानाचा. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यान्वये विदेशी कंपन्यांना आपला भागभांडवलातील हिस्सा सामान्यतः ४० टक्क्यांपर्यंत खाली आणणे भाग होते. आय.बी.एम.ने ते मान्य केले नाही आणि १९७८ साली ती कंपनी भारतातून निघून गेली. हा प्रसंग सामान्यतः अदूरदर्शी नियमनाचे उदाहरण म्हणून दिला जातो. तिच्या भारतीय ग्राहकांच्या हाती मात्र पुष्कळदा अमेरिकेत कालबाह्य ठरलेली १४०१ सारखी यंत्रे भाड्याने येत होती, हेही सांगितले पाहिजे. कंपनी गेल्यावर त्या यंत्रांची देखभाल सी.एम.सी. या शासकीय संस्थेकडे आली. नाना बनावटीची यंत्रे सांभाळता सांभाळता त्या संस्थेने जे ज्ञान मिळविले, त्याच्या बळावर १९८० च्या दशकाच्या मध्यास तिने रेल्वे-आरक्षणाच्या संगणकीकरणाचे काम हाती घेतले. १९८४ च्या रंगराजन समितीनंतर बँकांच्या संगणकीकरणात कोणत्याही एका कंपनीच्या यंत्राशी न बांधलेली युनिक्स ही कार्यप्रणाली रुळली, आणि त्या प्रणालीत तयार झालेले भारतीय अभियंते पुढे जागतिक बाजारात उपयोगी पडले. सी.एम.सी. २००१ साली टाटा समूहाकडे गेली. म्हणजे ज्या ज्ञानसंचयाचा वारसा खाजगी उद्योगाला लाभला, त्याचा एक झरा त्या निंदित नियमनातूनच निघाला होता.

४

या विवेचनातून परवाना-पद्धतीचे समर्थन निष्पन्न होते असा समज करून घेणे चुकीचे होईल. परवान्यात नमूद केलेल्या क्षमतेहून अधिक उत्पादन करणे हा ज्या व्यवस्थेत दोष ठरे, त्या व्यवस्थेने कारखानदाराला कार्यक्षमतेचीच शिक्षा दिली. इन्फोसिसची स्थापना १९८१ साली पुण्यात सात अभियंत्यांनी १०,००० रुपयांच्या भांडवलावर केली. संगणकाच्या आयातीसाठी दिल्लीच्या किती खेपा कराव्या लागल्या, दूरध्वनीची किती वाट पाहावी लागली, हे नारायण मूर्ती यांनी वेळोवेळी सांगितले आहे, आणि त्या अनुभवाची सत्यता नाकारण्याचे कारण नाही. ज्या अनेकांना अशा खेपा परवडल्या नाहीत त्यांची आत्मकथने लिहिलीच गेली नाहीत, ही गोष्ट त्या व्यवस्थेविरुद्धचा अधिक मोठा पुरावा आहे. देशात संगणकाच्या यंत्रभागाचा उद्योग म्हणावा तसा उभा राहिला नाही, याची खंत स्वतः कोहली यांनी उत्तरायुष्यात बोलून दाखविली होती.

आक्षेप आहे तो या अनुभवावरून काढलेल्या निष्कर्षावर. बंधने काढली म्हणून उद्योग वाढला, असे म्हणताना बंधनांच्या जागी काय आले याकडे दुर्लक्ष होते. १९८४ चे संगणक-धोरण आणि १९८६ चे सॉफ्टवेअर-धोरण ही १९९१ च्या आधीची आहेत. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कांची योजना पुणे, बंगळूर व भुवनेश्वर येथे १९९० साली सुरू झाली आणि १९९१ च्या जूनमध्ये तिला एका स्वायत्त संस्थेचे रूप मिळाले. त्या वेळी अर्थमंत्र्यांचे प्रसिद्ध अंदाजपत्रक अद्याप मांडले जावयाचे होते. या पार्कांनी उपग्रहमार्गे संदेशवहनाची सोय पुरविली, शुल्कमुक्त आयातीस वाट करून दिली आणि अनेक खात्यांच्या मंजुऱ्या एका ठिकाणी आणल्या. निर्यात-नफ्यावरील प्राप्तिकराची सवलत त्यांतील घटकांना २०११ च्या मार्चपर्यंत मिळत राहिली. ही सर्व कामे कोणीतरी आखली, कोणीतरी त्यांच्या टिपणींवर सह्या केल्या. सॉफ्टवेअर-व्यवसायाला लाभलेले स्वातंत्र्य अशा रीतीने नियमांनीच रचलेले होते. त्या नियमांचे कर्ते आत्मकथनांच्या पानांवर क्वचित नावाने येतात. एरवी तेथे केवळ उजाडलेले असते.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा की, १९९१ नंतर या उद्योगातून परवाना नाहीसा झालाच नाही. त्याचे कार्यालय बदलले. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने एच-१बी हा प्रवेश-परवाना अस्तित्वात आला आणि त्याची वार्षिक मर्यादा ६५,००० ठरविण्यात आली. २००१ ते २००३ या वर्षांत ती १,९५,००० पर्यंत वाढविली गेली व नंतर पुन्हा खाली आली. भारतीय सॉफ्टवेअर-कंपन्यांच्या कार्यपद्धतीत या आकड्याला जे स्थान होते, ते पूर्वी दिल्लीच्या कोट्याला असलेल्या स्थानाहून कमी नव्हते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकन शासनाने नव्या अर्जांवर १,००,००० डॉलरचे शुल्क जाहीर केले, तेव्हा मुंबई, पुणे व बंगळूर येथील कार्यालयांत जी चिंता पसरली ती परवान्याचीच चिंता होती. मात्र या परवान्याला 'राज' हा प्रत्ययसदृश शब्द कोणी जोडत नाही. त्याचा उल्लेख 'व्यवसायातील जोखीम' या शीर्षकाखाली होतो. देशी नियमन हा अन्याय आणि विदेशी नियमन हे हवामान, असा हा भेद आहे. तो अर्थशास्त्राने केलेला नसून कथनाने केलेला आहे.

५

आत्मकथनाच्या साच्यात शासन व उद्योजक अशी दोनच पात्रे असतात. नियमनाच्या इतिहासात तिसरेही पात्र आहे. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कलकत्ता येथील कार्यालयात संगणक बसविण्यास कर्मचाऱ्यांनी तीव्र विरोध केला. यंत्रामुळे हातचे काम जाईल काय, हा त्यांचा प्रश्न होता. स्वयंचलीकरणाच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी शासनाने जी समिती नेमली, तिचे अध्यक्षपद पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर यांच्याकडे होते. तिचा अहवाल १९७२ सालचा आहे. पुढे १९८३ साली बँका व कर्मचारी-संघटना यांच्यात यंत्रांचा वापर कोणत्या मर्यादेत व कोणत्या अटींवर करावा याविषयी करार झाला. या घटनांची गणना धुरीणांच्या कथनात 'यंत्राला झालेला विरोध' या एका सदराखाली होते. वस्तुतः तो करार म्हणजे नव्या साधनाचा लाभ व भार कोणी किती उचलावा याविषयीची वाटाघाट होती. नियमनाचा एक अर्थ असाही आहे: ज्यांच्याजवळ भांडवल नाही, त्यांना तंत्रज्ञानाच्या निर्णयात बोलता येण्याची व्यवस्था.

भाषाभ्यासकाला आणखी एका अनुपस्थितीची नोंद घ्यावी लागते. निर्यातीच्या अटीवर वाढलेला हा उद्योग प्रामुख्याने इंग्रजीत वाढला. मराठी, तेलुगू वा बंगाली लिहिणारा मनुष्य त्याचा ग्राहक नव्हता. संगणकावर देवनागरी आणण्याचे पायाभूत काम शासकीय विज्ञान-संस्थांत झाले. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्रज्ञानाचा प्रसार केला, आणि भारतीय लिप्यांच्या संकेतनाचे इस्की हे मानक १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने स्वीकारले. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे. आज कोणत्याही दूरध्वनी-यंत्रावर मराठी अक्षर उमटते त्यामागे हे मानक आहे, आणि मानक म्हणजे नियमनच होय. ते नसताना प्रत्येक टंकनिर्मात्याचे संकेत वेगळे असत. एका यंत्रावर लिहिलेला मराठी मजकूर दुसऱ्यावर निरर्थक चिन्हांची माळ होऊन येई. येथे नियमाने नवनिर्मितीला अडविले नाही. नियम नव्हता तोवर नवनिर्मितीला परस्परांशी बोलताही येत नव्हते. कोहली यांना या उणिवेची जाणीव होती. प्रौढांना संगणकाच्या साहाय्याने मातृभाषेत वाचावयास शिकविण्याचा त्यांचा प्रकल्प २००० साली तेलुगूपासून सुरू झाला. आत्मकथनाचा साचा आपल्या सर्वांत ज्येष्ठ नायकाच्या विचारालाही किती तोकडा पडतो, याचे हे उदाहरण आहे.

६

या चिकित्सेवर एक रास्त आक्षेप संभवतो. आत्मकथन हे इतिहास नव्हे. लेखकाने आपल्याला जे सोसावे लागले ते सांगावे, शासनाच्या सह्यांची जंत्री देण्याचे बंधन त्याच्यावर नाही. वाङ्मयप्रकार म्हणून हे म्हणणे मान्य करावे लागते. एस. रामदुराई यांचे 'द टीसीएस स्टोरी अँड बियाँड' (२०११) किंवा नंदन निलेकणी यांचे 'इमॅजिनिंग इंडिया' (२००८) यांसारख्या ग्रंथांचे वाचनमूल्य या चिकित्सेने उणे होत नाही. निलेकणी तर २००९ साली शासकीय प्राधिकरणाचे अध्यक्ष झाले, आणि त्या प्राधिकरणाने राबविलेल्या आधार-योजनेच्या मर्यादा पुढे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने आखून दिल्या. नियमन करणारा आणि नियमनाखाली येणारा ही दोन माणसे भिन्नच असतात, हा समज या एका उदाहरणानेही ढासळतो. आक्षेपाला उत्तर इतकेच की, हे कथन आत्मकथनाच्या मर्यादेत राहिलेले नाही. ते धोरणविषयक युक्तिवाद म्हणून वापरले जाते, आणि युक्तिवादाला पुराव्याची कसोटी लावणे क्रमप्राप्त आहे.

ती कसोटी आज किती आवश्यक आहे, हे अलीकडच्या दोन घटनांवरून दिसते. २०२३ च्या मे महिन्यात ओपन-एआय या कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे, अतिशय समर्थ अशा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींसाठी परवाने देणारी यंत्रणा असावी, अशी सूचना केली. २०२४ च्या १ मार्चला भारताच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाने पुरेशा न तपासलेल्या प्रणाली लोकांपुढे आणण्यापूर्वी शासनाची स्पष्ट परवानगी घ्यावी, असे सूचनापत्र काढले. उद्योगजगतातून टीका होताच १५ मार्चच्या सुधारित पत्रात ती परवानगीची अट वगळण्यात आली. एका ठिकाणी परवाना उद्योगाच्या अग्रभागी असलेल्याने मागितला. दुसऱ्या ठिकाणी शासनाने घातला आणि पंधरा दिवसांत मागे घेतला. रूढ साच्याने पाहिले तर पहिली घटना अगम्य ठरते आणि दुसरी परवाना-राजाचे पुनरागमन व पराभव म्हणून वाचली जाते. परंतु बाजारात आधीच स्थिरावलेल्याला परवाना तटबंदीसारखा उपयोगी पडू शकतो, ही गोष्ट १९५१ च्या कायद्याच्या अनुभवातून भारतीय वाचकाला ठाऊक असावयास हवी होती. त्या काळीही परवान्याने नवागतांची वाट अडविली आणि मोठ्या घराण्यांनी परवाने पदरात पाडून घेतले, अशी टीका होत असे. मार्चमधील माघारीविषयीही विचारावयाचा प्रश्न उद्योग जिंकला की शासन, हा नव्हे. त्या प्रणालींतील दोषांचा भार ज्यांच्यावर पडणार होता, त्यांचे म्हणणे त्या पंधरा दिवसांत कोणी ऐकले काय, हा तो प्रश्न आहे.

तेव्हा तंत्रज्ञान-धुरीणांचे कथन वाचताना अभ्यासकाने तीन गोष्टी तपासाव्यात. अडथळ्याच्या वाक्यात ज्याला कर्ता केले आहे, त्याला साहाय्याच्या वाक्यातही कर्ता केले आहे काय; देशी नियमाला व विदेशी नियमाला एकच नाव दिले आहे काय; आणि ज्याच्या कामावर वा भाषेवर नव्या साधनाचा परिणाम झाला तो त्या कथनात बोलतो काय. या तिन्हींची उत्तरे नकारार्थी येतील तेथे पराक्रमाचे वर्णन वाचावे, त्याचे कौतुकही करावे. त्यावरून धोरण मात्र ठरवू नये. संगणक-उद्योगाचा इतिहास मराठीत अजून लिहिला जावयाचा आहे. तो आत्मकथनांच्या अनुवादांतून तयार होणार नाही. धोरणांचे मसुदे, समित्यांचे अहवाल, संघटनांचे करार आणि मानकांचे दस्तऐवज यांच्या वाचनातून तो तयार होईल, आणि त्यात कोणत्याही क्रियापदाला त्याच्या कर्त्यावाचून राहावे लागणार नाही, एवढी दक्षता त्याच्या लेखकाला घ्यावी लागेल.